डेमियनची कबुली

बर्नाडेट : नाही, तो येणार नाही आज. त्याच्या जागी मीच आलेय. बसू का? या खुर्च्या मला झेपतील असं काही दिसत नाही.

रोझलिन : बसा हो. मोडली तर सरकारची आहे. दार तेवढं लावून घ्या आधी, हीटर नावालाच चालू आहे.

(पेनसिल्व्हेनियातलं एक कोळशाचं गाव, १९९२चा एप्रिल. खाणी कधीच्या बंद पडल्या, चर्च तेवढी शिल्लक. अशाच एका चर्चच्या शाळेसमोर, फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला सरकारची एक लांबट गाडी येऊन उभी राहते. आत दोन टेबलं, एक आरसा, बुटक्या खुर्च्या. अडखळत नाहीतर बोबडं बोलणाऱ्या मुलांना रोझलिन फायफर बाई आठवड्यातून दोनदा इथं शिकवतात. शाळा धर्माची आणि पगार सरकारचा, त्यामुळे फाटकाच्या आत पाऊल टाकायची बाईंना कोर्टाची मनाई. मुलांनीच बाहेर यायचं. पहिल्या वर्षी बाईंना या नियमाचा संताप यायचा, आता नुसता कंटाळा येतो. त्यात आज पाय गारठलेत. समोर बसलेली बर्नाडेट युरकॅनिन कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करते, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलीय. दुसरीतला डेमियन तिचा.)

रोझलिन : ताप आलाय का त्याला?

बर्नाडेट : ताप कसला! व्हरांड्यात उभा आहे. कालपासून. म्हणजे रात्री घरी झोपवला हो, सकाळी परत आणून उभा केला.

रोझलिन : कुणी?

बर्नाडेट : आणखी कोण? सिस्टर लुडमिला. मलाही उभं केलं होतं त्यांनी, दुसरीतच. पण मी वर्गात बडबड करत होते, माझं ठीक आहे. हा तर बोलत नाही म्हणून उभा!

रोझलिन : बर्नाडेट, नीट सांगा बघू. पहिल्यापासून.

बर्नाडेट : अहो, शनिवारी मुलांची पहिली पापकबुली आहे. तुमच्या लुथरन लोकांत नसतं ना ते?

रोझलिन : आम्ही आपापली पापं मनातल्या मनात सांभाळतो.

बर्नाडेट : बरंय. आमच्यात त्या लाकडी खोक्यात गुडघे टेकायचे आणि जाळीपलीकडच्या फादरना तोंडानं सांगायचं. आणि कबुली दिल्याशिवाय मे महिन्यात पहिला ख्रिस्तप्रसाद मिळत नाही. काल त्याची तालीम होती. फादरांच्या जागी सिस्टर बसल्या आणि एकेक पोर आत. पापं आपली अशीच, खोटी खोटी सांगायची. बहिणीचे केस ओढले, भाजी टाकली. आमच्या साहेबांची पाळी आली आणि ‘फादर, मला आशीर्वाद द्या’ यातल्या फादरवरच गाडी अडली. फ, फ, फ. तुम्हाला काय सांगायचं.

रोझलिन : मान डावीकडे जाते, डोळे मिटतात.

बर्नाडेट : हां, तस्संच. आणि सिस्टर म्हणाल्या, सोंग बंद कर.

रोझलिन : सोंग?

बर्नाडेट : कारण रोज तर घडाघडा म्हणतो ना!

रोझलिन : काय म्हणतो?

बर्नाडेट : प्रार्थना हो. सकाळची, जेवणाआधीची, दुपारची, घरी सुटतानाची. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो त्यात हाही असतो. एक अक्षर अडत नाही. सिस्टर सगळ्यांना सांगतात, डेमियनसारखं पाठांतर कुणाचं नाही.

रोझलिन : थांबा जरा. डेमियन अडत नाही?

बर्नाडेट : म्हणजे? तुम्हाला ठाऊक नाही?

रोझलिन : मला कुठून ठाऊक असणार? मी फाटकाच्या आत येते का कधी? दोन वर्षांत या पोराच्या तोंडून एक सरळ वाक्य ऐकलेलं नाही मी.

बर्नाडेट : देवा रे! मला वाटायचं, तुम्हाला घाबरून इथं जास्तच अडखळतो. सरकारी बाई, वर समोर आरसा.

रोझलिन : आणि हे तुम्ही मला आज सांगताय.

बर्नाडेट : तुम्ही विचारलंत कधी? घरी बोलतो का, विचारलंत. जेवताना बोलतो का, विचारलंत. प्रार्थना करताना बोलतो का, हे नाही विचारलं.

रोझलिन : ते मला विचारता येत नाही, बर्नाडेट. देवाधर्माचं काहीच काढायचं नाही इथं.

बर्नाडेट : मग झालं तर!

रोझलिन : ऐका. अडखळणाऱ्या माणसाला इतरांच्या सुरात सूर मिळवून बोलायला लावलं की तो बहुधा अडखळत नाही. गाताना पण नाही. आपल्या एकट्याच्या जिवावर बोलायची वेळ आली की परत गाडी अडते. असंच असतं ते. डेमियनचंच नव्हे, बहुतेकांचं.

बर्नाडेट : म्हणजे सोंग नाही.

रोझलिन : अजिबात नाही.

बर्नाडेट : अहो, मग हे सिस्टरना सांगायचं होतं ना कुणीतरी!

रोझलिन : कसं सांगू? आत जायचं नाही. फोन करावा तर शाळेचा फोन तळघरातल्या स्वयंपाकघरात. मागच्या वर्षी केला होता एकदा, खास डेमियनबद्दल बोलायला. तिथं तुमच्या बायका चर्चसाठी विकायला सारणाच्या पिरोगी वळत बसलेल्या. कुणीतरी उचलला, माझं नाव लिहून घेतलं, ‘बटाट्याच्या की कोबीच्या’ म्हणाली आणि ठेवून दिला.

बर्नाडेट : अगं आई गं! ती आमची डोलोरेस असणार. तिला एका कानानं कमी येतं. मग? घेतल्यात?

रोझलिन : शुक्रवारी माणूस दारात घेऊन आला, काय करते? घेतल्या. चांगल्या होत्या.

बर्नाडेट : चांगल्या असणारच. सारण माझं असतं.

रोझलिन : आता तुम्ही माझ्याकडे का आलात ते सांगा. आत जाऊन सिस्टरशी भांडायचं सोडून.

बर्नाडेट : भांडायला अंगात जीव लागतो, बाई. सकाळपासून मशीनवर बसले होते. मी सांगायला आले, की काढते त्याला. सप्टेंबरपासून तुमच्या सरकारी शाळेत घालते. दोन वर्षं तुम्ही हेच तर सांगताय. घ्या, जिंकलात.

रोझलिन : असं जिंकून मला काय करायचंय?

बर्नाडेट : आता तुम्ही नाही म्हणू नका हं!

रोझलिन : नाही कुठे म्हणतेय? तिथं त्याला रोज शिकवता येईल. इथं काय मिळतं, आठवड्यातून दोनदा, ते पण तीन पोरांत मिळून. शिवाय तिथं मी वर्गात शिरून त्याच्या शिक्षिकेला सांगू शकते, की हा अडला तर थांब, अंगावर जाऊ नकोस. हे सगळं खरंच आहे. पण व्हरांड्यात उभं केलं आणि मग शाळेतून काढलं, असं झालं तर तो काय समजेल? की आपल्याला हाकललं.

बर्नाडेट : मग काय करू मी? एकीकडे सासूबाई. युरकॅनिनांचं एकही पोर सरकारी शाळेत गेलेलं नाही, म्हणतात. म्हटलं, युरकॅनिनांचं एकही पोर अडखळत पण नव्हतं. तर म्हणतात कशा, आमचा लेनी लहानपणी कध्धी अडखळला नाही, तो गप्पच असायचा!

रोझलिन : आणि आता लेनी?

बर्नाडेट : ‘हो’ आणि ‘मीठ दे’. मला वाटलं, लाजाळू आहे. म्हणून तर लग्न केलं.

रोझलिन : हं.

बर्नाडेट : तुमचं ‘हं’ कळलं मला. काल पोराला कुशीत घेऊन पडले तेव्हा माझ्याही डोक्यात तेच आलं. ह्याचा पण लेनी होणार. चाळिशीत टेबलापाशी बसून मीठ मागणार.

रोझलिन : तो काही म्हणाला का रात्री?

बर्नाडेट : विचारलं, खरंखुरं पाप काय सांगणार आहेस रे, आईला सांग, मी फादरना सांगते. तर नाही. मग म्हटलं, लिहून दे. तरी नाही. स्वतःच सांगायचंय त्याला. एवढंसं पोर, पण हट्ट बघा. तुम्हीच घोटून घ्या ना त्याच्याकडून! दोन दिवस आहेत हातात.

रोझलिन : इथं ‘फ’ फुग्याचा चालतो, फुलपाखराचा चालतो. फादरचा चालत नाही.

बर्नाडेट : कोण येतंय बघायला?

रोझलिन : कुणी नाही येत. पण विचारलं कुणी तर मला खोटं बोलता येत नाही, आणि या गाडीत येणारी बाकीची पोरं माझ्या भरवशावर आहेत. बर्नाडेट, तुम्ही सिस्टरना इथं घेऊन या.

बर्नाडेट : त्या? या गाडीत? पोपना आणणं सोपं जाईल.

सिस्टर लुडमिला : बर्नाडेट! तुझा कोट दिसला मला काचेतून. शाळेपाशी आल्यावर आधी मुख्याध्यापिकेला, म्हणजे मला, भेटायचं असतं. ही रीत तुला मी शिकवली होती.

बर्नाडेट : आल्या बघा. पाय शंभर वर्षं टिकणार यांचे.

रोझलिन : या, सिस्टर. आत या, बाहेर बोचरं वारं आहे.

सिस्टर लुडमिला : मी पायरीवरच ठीक आहे, फायफर बाई. गाडी सरकारची आहे. तुम्ही आमच्या दारात येत नाही, आम्ही तुमच्या दारात येत नाही.

रोझलिन : मी येत नाही असं नाही हो, मला येऊ देत नाहीत. साधं बाथरूमला जायचं तरी मला मोटार काढून पेट्रोल पंपावर जावं लागतं.

सिस्टर लुडमिला : काय सांगता? दोन वर्षं?

रोझलिन : दोन वर्षं. बर्फात सुद्धा.

सिस्टर लुडमिला : आणि आम्ही मठात म्हणायचो, या बाईंना कॉफी फार लागते. तासाला उठून जातात.

रोझलिन : कॉफी मी सोडून दिली, सिस्टर. त्या पंपापायीच.

सिस्टर लुडमिला : मला कुणी सांगितलं नाही.

रोझलिन : आपल्याला एकमेकींचं कुणीच काही सांगत नाही. तेच बोलायचं होतं. डेमियन सोंग करत नाहीये.

सिस्टर लुडमिला : फायफर बाई, तुमचं शिक्षण मोठं आहे, मी मान देते. पण मुलांची सोंगं मी जन्मभर पाहिली आहेत. या मुलाला पोटदुखीचं सोंग येतं, खोकल्याचं येतं, आणि आता हे. आज दुपारी सगळ्यांबरोबर तो प्रणाम मरिया म्हणेल तेव्हा स्वतः या आणि ऐका. स्वच्छ, खणखणीत! देवाच्या आईपुढे जीभ चालते आणि माझ्यापुढे अडते?

रोझलिन : सगळ्यांबरोबर चालते. एकट्याची अडते. अडखळणाऱ्यांचं तसंच असतं, सिस्टर. सगळ्यांचे शब्द त्याला आधार देतात. तो आधार काढून घेतला की तो पडतो. त्या लाकडी खोक्यात तो पहिल्यांदाच एकटा पडला.

सिस्टर लुडमिला : पहिल्यांदाच कसा? वर्गात मी प्रश्न विचारते की.

बर्नाडेट : काय उत्तर देतो, सिस्टर?

सिस्टर लुडमिला : तो... हात वर करत नाही. शांत मुलगा आहे. मी शांत मुलांना छळत नाही.

बर्नाडेट : झालं. घरी बाप शांत, शाळेत हा शांत.

सिस्टर लुडमिला : म्हणजे हा रोगच आहे. तुम्ही खात्रीनं सांगता?

रोझलिन : रोग नका म्हणू. पण खात्रीनं सांगते.

सिस्टर लुडमिला : मी त्याला सगळ्या वर्गासमोर म्हटलं, देवापुढे सोंग करणाऱ्याला क्षमा नसते.

बर्नाडेट : हे मला नव्हतं माहीत.

सिस्टर लुडमिला : घरी येऊन त्यानं सांगितलं नाही?

बर्नाडेट : कसं सांगणार, सिस्टर? ‘क्ष’वर तर तो पाच मिनिटं अडतो.

सिस्टर लुडमिला : ...खुर्ची आहे का एखादी?

रोझलिन : आत येऊन बसा.

सिस्टर लुडमिला : नको. इथं पायरीवर द्या. बर्नाडेट, हात दे. हळू. हां.

बर्नाडेट : माझा कोट घ्या खांद्यावर. घ्या हो, मला गरमच होतंय. राग आलाय ना.

सिस्टर लुडमिला : शनिवारी त्यानं काही बोलू नये. फादर विचारतील, तो मान हलवेल. चर्च मुक्यालाही क्षमा देतं. तो पूर्ण संस्कार आहे, कमी काही नाही.

बर्नाडेट : त्याला मान हलवायची नाहीये. तो मुका नाही.

रोझलिन : फादरनी त्याच्याबरोबर म्हटलं तर? सुरात सूर. दोघांनी मिळून.

सिस्टर लुडमिला : सुरुवात म्हणता येईल. पश्चात्तापाची प्रार्थनाही म्हणता येईल, ती सगळ्यांची एकच आहे. पण पापं? फायफर बाई, त्याची पापं फादरना ठाऊक कुठे आहेत बरोबर म्हणायला?

रोझलिन : हो की.

बर्नाडेट : आईलाही नाहीत. बोला.

सिस्टर लुडमिला : तेवढ्या जागी तो एकटाच. तिथं सगळेच एकटे असतात म्हणा.

रोझलिन : मग तेवढ्या जागी फादरनी नुसतं थांबायचं. शब्द पुरवायचा नाही. ‘सावकाश, बाळ’ असं तर चुकूनही म्हणायचं नाही. उसासा नाही, खुर्ची वाजवायची नाही. वाटलं तर डोळे मिटून बसावं. अडू दे, ढकलू दे, कितीही वेळ लागो. तो काढतो शब्द बाहेर. मी बघितलंय.

सिस्टर लुडमिला : फादर टॉम आणि थांबणार? त्यांची मिस्साची प्रार्थना उरकेपर्यंत ताटातलं सूप सुद्धा निवत नाही.

बर्नाडेट : आणि शनिवारी कबुली संपली की तळघरात बायकांचा बिंगोचा खेळ आहे. फादरच आकडे पुकारतात.

सिस्टर लुडमिला : डेमियनला सगळ्यात शेवटी ठेवते. बिंगो होईल उशिरा.

बर्नाडेट : बायका फाडून खातील मला!

सिस्टर लुडमिला : मी दारात उभी राहीन. मला खाऊ देत. मी चिवट आहे, दात पडतील त्यांचे.

रोझलिन : आणि व्हरांडा?

सिस्टर लुडमिला : आत्ता जाऊन घेते वर्गात. मी त्याला काय सांगू ते मात्र मला सुचत नाहीये.

बर्नाडेट : तुम्ही चुकलात ते सांगा. सिस्टर, मला पण तुम्हाला सांगायचंय काहीतरी. मी त्याला काढतेय. सप्टेंबरपासून सरकारी शाळेत.

सिस्टर लुडमिला : कालच्या गोष्टीवरून?

बर्नाडेट : कालच्यावरून म्हणूनच आले होते. आता मला कळत नाहीये. थकलेय हो मी. तुम्हीच सांगा, नेऊ का नको?

सिस्टर लुडमिला : मला विचारू नकोस. आधीच मुलं कमी झाल्यानं तिसरी आणि चौथी एका खोलीत बसवायची वेळ आली आहे. मी जे सांगेन त्यात शाळा बोलेल. फायफर बाई, तिकडे मुलं सगळी मिळून काही म्हणतात का? मोठ्यानं?

रोझलिन : सकाळी झेंड्याची शपथ.

सिस्टर लुडमिला : एवढंच?

रोझलिन : एवढंच. संपते लगेच.

सिस्टर लुडमिला : मग दिवसभरात त्याच्या तोंडून सरळ वाक्य निघणार कधी?

रोझलिन : नाही निघणार. बरेच महिने नाही. उगाच गोड बोलून काय करू? तिथं तो रोज अडेल, सगळ्यांदेखत. फक्त तिथली शिक्षिका थांबेल.

सिस्टर लुडमिला : थांबायला मीही शिकेन म्हणते. वय झालं, पण शिकेन. बारा वाजत आले. दुपारची प्रार्थना मी घेते. फायफर बाई, चला आत. तुम्ही त्याला एकदा ऐकलं पाहिजे.

रोझलिन : सिस्टर, नोकरी जाईल माझी.

सिस्टर लुडमिला : खरंच, विसरले. मग रस्त्याकडच्या खिडक्या उघडते. खिडक्या उघडायला कोर्टाची हरकत नसेल? कोट घे तुझा, बर्नाडेट.

बर्नाडेट : असू दे अंगावर. जा तुम्ही... बघा, बघा कशा निघाल्या! शाळेत असताना याच चालीनं धावून यायच्या अंगावर.

रोझलिन : डेमियनपाशी थांबल्या.

बर्नाडेट : कुठे? मला दिसत नाही. सरका जरा.

रोझलिन : दाराच्या काचेतून बघा. वाकल्यात. काहीतरी सांगतायत त्याला.

बर्नाडेट : तो काय करतोय?

रोझलिन : मान खाली. आता गेला आत. त्यांनी हात धरलाय त्याचा.

बर्नाडेट : धरू दे. काल धरला असता तर.

रोझलिन : खिडकी उघडत नाहीये त्यांना. रंग बसलाय फटीत.

बर्नाडेट : मूठ मारा, सिस्टर, मूठ! हां. उघडली. बाई, दार उघडू का पूर्ण?

रोझलिन : उघडा. होऊ दे गार.

बर्नाडेट : झालं बघा सुरू... श्श... ऐकताय ना?

रोझलिन : ऐकतेय. यातला डेमियन कुठला?

बर्नाडेट : थांबा हं...

रोझलिन : तो जरासा पुढे पळतोय तो?

बर्नाडेट : नाही, तो डोलोरेसचा नातू. आमचा... नाही ओळखू येत.

रोझलिन : मला पण नाही. सगळे सारखेच वाटतायत.

बर्नाडेट : कारखान्यात काम नसतं त्या दिवशी मी खाली पिरोगी वळायला बसते, तेव्हा वरून हे ऐकू यायचं. दरवेळी कान लावायचे. एकदाही ओळखता आला नाही. आणि त्याचंच बरं वाटायचं मला, बाई. काय सांगू तुम्हाला. चार पोरांसारखा वाटायचा. तेवढ्यासाठी तुम्हाला दोन वर्षं नाही म्हणत राहिले.

रोझलिन : ते काही चुकीचं नव्हतं.

बर्नाडेट : त्याचा एकट्याचा आवाज कसा आहे हो?

रोझलिन : मला विचारताय?

बर्नाडेट : तुम्ही ऐकलाय ना. इथं, आरशासमोर.

रोझलिन : जाडसर आहे. वयाच्या मानानं जाड. शब्द अडतो, अडतो, आणि सुटला की एकदम मोठा येतो. मग स्वतःच दचकतो. कधी हसतो.

बर्नाडेट : हसतो?

रोझलिन : कधीकधी. संपली वाटतं प्रार्थना. ऑफिसला मी काय सांगू, बर्नाडेट? आज नाही सांगितलं तरी चालेल.

बर्नाडेट : आजच सांगा. येतोय म्हणावं सप्टेंबरात. रागानं नाही म्हणत आता. सासूबाईंचं मी बघते.

रोझलिन : सिस्टर थांबायला शिकतीलही. मनापासून म्हणाल्या त्या.

बर्नाडेट : त्यांचं नाही हो, मीच थांबत नाही. घरी त्याचं प्रत्येक वाक्य मीच पुरं करते.